भावयात्रा : पायांची आणि बुद्धीची
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



चातुर्मासाचे चार महिने शत्रुंजय गिरिराजाची यात्रा बंद असते. कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते आणि त्या दिवशी पालिताण्यास लोटणारी गर्दी आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. परंतु ज्यांचे गुडघे थकले, ज्यांची दुकाने कापसाच्या हंगामात सुटत नाहीत, ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी संघ गावातच शत्रुंजयाचा पट मांडतो. कापडावर डोंगर चितारलेला, डोंगरावर वाट चितारलेली, वाटेवर टुंका आणि मंदिरे. समोर बसून एखादे जाणते श्रावक वर्णन करू लागतात : ही जय तळेटी, हा हिंगलाजचा हडो, येथे क्षणभर दम घ्या, ही आली रामपोळ, ही वाघणपोळ, ही हाथीपोळ, आणि हे दादांचे दर्शन. ऐकणाऱ्या म्हाताऱ्या श्राविकेच्या डोळ्यांतून पाणी वाहते. तिने तीस वर्षांपूर्वी चढलेली प्रत्येक पायरी तिला आठवत असते. या परंपरेला भावयात्रा असे नाव आहे.

शरीर एका जागी असताना मनाला दुसऱ्या जागी नेऊन चालविण्याची ही कल्पना आपल्याकडे शतकानुशतके रुजलेली आहे. पश्चिमेकडे तिला यंत्राचा देह मिळाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मॉर्टन हेलिग नावाच्या अमेरिकन चित्रपटकाराने १९६२ साली ‘सेन्सोरामा’ या यंत्राचे पेटंट घेतले. प्रेक्षकाने आसनावर बसून झडपेत डोके घालायचे, की त्याला मोटारसायकलवरून शहरातून भटकल्याचा भास व्हावा. चेहऱ्यावर वारा यावा, वास यावा, आसन हादरावे. १९६८ साली आयव्हन सदरलँड या संशोधकाने डोक्यावर चढवायचे दृश्ययंत्र बनविले. ते इतके जड होते की छताला टांगून ठेवावे लागे. पुढे या प्रकारास ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ हे नाव रूढ झाले. मराठीत त्यास आभासी वास्तव म्हणतात. आज ते यंत्र जाड चष्म्याएवढे झाले आहे आणि नागपूर, पुण्याच्या मॉलमध्ये मुले ते डोळ्यांवर लावून हवेत हात फिरविताना दिसतात.

मुलांच्या खेळाशी या व्यासपीठाला कर्तव्य नाही. कर्तव्य आहे ते निराळ्या प्रश्नाशी. अशा आभासी वाटेवरून माणूस केवळ डोळ्यांनी न जाता खरोखर पाय हलवीत गेला, म्हणजे स्थिर सायकलीचे पायडल मारीत किंवा चालपट्ट्यावर चालत गेला, तर त्याच्या बुद्धीवर काही परिणाम होतो काय? स्मरण, अवधान, विचारांची चपळाई, दोन गोष्टींतून एक निवडण्याची शक्ती, यांना वैद्यकात बोधनक्षमता असा एकत्रित शब्द आहे. व्यायामाने स्नायू बळकट होतात हे सर्वांस ठाऊक आहे. बुद्धी बळकट होते काय, हा प्रश्न आहे.

आणि तो पांढरकवड्यात विचारण्याचे कारण आहे. आपला समाज मुख्यतः व्यापारी. गादीवर, काउंटरमागे, जिनिंगच्या कार्यालयात बसून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे पाय साठीनंतर एकाएकी चालू लागत नाहीत. फेब्रुवारीत उन्हाची तिरीप सुरू होते, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि सकाळी आठनंतर वृद्ध माणूस घराबाहेर काढणे हे पुण्य नसून पाप ठरते. पावसाळ्यात चिखल. हमरस्त्यावर नागपूर-हैदराबाद मार्गाची वाहने. फिरायला जा, असे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून देणे सोपे. कोठे जावे, हे ते लिहीत नाहीत.

दुसरे कारण अधिक जिव्हाळ्याचे आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आपल्या भाषेत आहे आणि या म्हणीने आजवर मोठी हानी केली आहे. घरातील दादीसा म्हणा, बा म्हणा, आजी म्हणा, विसरू लागल्या की घरचे म्हणतात, वय झाले. त्या एकच प्रश्न सकाळपासून चार वेळा विचारतात, दूध गॅसवर ठेवून देवदर्शनास निघून जातात, नातसुनेचे नाव चुकते. पण संध्याकाळी प्रतिक्रमणास बसल्या की वंदित्तु सूत्र अडखळल्यावाचून म्हणतात. मग घरचे अधिकच निश्चिंत होतात : अहो, त्यांना तर सगळे पाठ आहे! येथेच फसगत होते. बालपणी मुखोद्गत झालेले सूत्र मेंदूत फार खोलवर रुजलेले असते आणि स्मृतिभ्रंशाच्या प्रारंभी ते शेवटपर्यंत टिकून राहणाऱ्या गोष्टींपैकी एक असते. आधी जाते ती नवी आठवण : आज सकाळची, कालची. तेव्हा सूत्र पाठ आहे म्हणून बुद्धी शाबूत आहे, असा निष्कर्ष काढू नये. काल व्याख्यानात महाराजसाहेब कोणत्या विषयावर बोलले, हे विचारून पाहावे.

भारतात साठीपुढील लोकांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख वृद्धांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. शेवटचे दोन मुद्दे एकत्र वाचावेत. ज्या पिढीतील मुलींना चौथीनंतर शाळेतून काढून चुलीपाशी बसविले, त्याच पिढीच्या आज या दादीसा आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या विद्येचा आरंभ उंदरांपासून झाला, हे सांगताना संकोच वाटतो. पिंजऱ्यात कोंडलेल्या जिवांच्या कष्टातून आलेले हे ज्ञान आहे आणि जैन श्रोत्याच्या मनात त्याबद्दल सल राहणारच, तो राहावा. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत १९९७ साली असे दिसले की, ज्या उंदरांना खेळणी, बोगदे, सोबती आणि बदलते वातावरण मिळाले, त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या केंद्रात नव्या पेशी अधिक आढळल्या. १९९९ साली तेथेच दिसले की, केवळ फिरत्या चाकावर धावणाऱ्या उंदरांतही नव्या पेशींची निर्मिती वाढते. पुढे संशोधकांनी या दोन गोष्टी एकामागून एक दिल्या, तेव्हा परिणामांची बेरीज झाली. धावण्याने बीजे पडतात आणि नव्या अनुभवाने ती जगतात, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. आभासी वास्तवातील व्यायामाच्या मागे जी आशा आहे, ती सारी या एका वाक्यात सामावली आहे. पाय चालत असताना मनालाही नवे काही पाहण्यास व ठरविण्यास मिळाले, तर दोन्ही लाभ एकदम मिळतील.

माणसांचे काय? २०११ साली अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेला प्रयोग या विषयात मैलाचा दगड मानला जातो. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवीत चाळीस मिनिटे चालावयास लावले. निम्म्यांना अंग ताणण्याचे हलके व्यायाम दिले. वर्षाअखेरीस चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला. या वयात तो दरवर्षी थोडा थोडा घटतच असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे वाढीचे मोल कळते. येथे कोणतेही यंत्र नव्हते. केवळ चालणे होते.

यंत्राचा प्रयोग त्यानंतर वर्षभराने, २०१२ साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजच्या के अँडरसन-हॅनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ वृद्धनिवासांतील १०२ जणांना घेतले. एका गटास साधी स्थिर सायकल. दुसऱ्या गटास तशीच सायकल, परंतु समोर पडदा. पडद्यावर निसर्गरम्य वाट, वळणे, चढ-उतार. हँडल फिरविले तर वाट वळे, चढ आला तर पायडल जड होई. पुढे तर या स्वाराला पडद्यावर एक सावली दिसे. ती दुसऱ्या कोणाची नव्हती. तो स्वतः मागील खेपेस ज्या सर्वोत्तम वेगाने गेला होता, त्याचीच ती छाया. ऐंशीच्या घरातील माणूस आपल्याच कालच्या सावलीशी शर्यत लावीत असल्याचे हे चित्र कोणाही कवीस सुचावे असे आहे. तीन महिन्यांनंतर ६३ जण टिकून होते. दोन्ही गटांनी व्यायाम जवळपास सारख्याच प्रमाणात केला होता. तरीही पडद्यासमोरच्या गटाची कार्यकारी क्षमता, म्हणजे योजना करणे, लक्ष एकीकडून दुसरीकडे वळविणे, मोहाचे चुकीचे उत्तर आवरणे ही शक्ती, साध्या सायकलवाल्यांपेक्षा सरस ठरली. सौम्य बोधनऱ्हासाकडे सरकण्याची त्यांची जोखीम तुलनेने २३ टक्क्यांनी कमी दिसली. रक्तात बीडीएनएफ नावाचे, मेंदूच्या पेशींना पोसणारे द्रव्यही अधिक वाढलेले आढळले.

येथे टाळ्या वाजवून दुकानात सायकल आणावयास धावू नये. १०२ पैकी ३९ जण मध्येच गळाले. म्हणजे सुमारे चाळीस टक्के. तीन महिने हा काळही अल्प. आकडे आशादायक आहेत. परंतु ते सिद्ध झालेल्या नियमाचे आकडे नव्हेत.

याहून ठाम म्हणता येईल असा प्रयोग २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो पडण्याविषयी होता. म्हाताऱ्या माणसाचे पडणे हे केवळ पायांचे दुखणे नसते. चालताना समोरचा उंबरा पाहणे, पाय किती उचलावा हे ठरविणे, मागून कोणी हाक मारली तरी तोल न जाऊ देणे, हे सारे बुद्धीचे काम आहे. पाच देशांतील ३०२ जणांना, ज्यांचे वय ६० ते ९० होते आणि जे आधीच्या सहा महिन्यांत दोनदा तरी पडले होते, सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, चालपट्ट्यावर चालविले. त्यांत पार्किन्सन्सचे रुग्णही होते. निम्म्यांच्या समोर पडदा होता. त्यावर स्वतःचीच पावले दिसत आणि वाटेत डबकी, अडथळे येत, ते ओलांडून जावे लागे. पुढील सहा महिन्यांत पडदा असलेल्यांचे पडण्याचे सरासरी प्रमाण ११.९ वरून ६ वर आले. नुसत्या चालपट्ट्यावाल्यांचे १०.७ वरून ८.३ वर आले, परंतु हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. ज्या घरात मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले आहे, त्या घरास या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

एक गोष्ट आवर्जून ध्यानी घ्यावी. या दोन्ही प्रयोगांत डोळे पूर्ण झाकणारा चष्मा नव्हता. समोर पडदा होता आणि भोवतालची खोली दिसत होती. डोळे झाकणाऱ्या यंत्रात अनेकांना गरगरते, मळमळते. डोळा सांगतो की चाललो, आणि कानातील तोलाचे केंद्र सांगते की उभाच आहे. तरुणास ते सोसते. सत्तरीच्या माणसास उभ्याने ते यंत्र लावून देणे म्हणजे पडण्यावरचा उपाय करता करता त्यास पाडणे होय. नातवाने कौतुकाने परदेशाहून आणलेला चष्मा आजोबांनी खुर्चीवर बसूनच पाहावा.

दुसरा इशारा अधिक कटू आहे. २०१८ साली इंग्लंडमधील एका मोठ्या प्रयोगात, ज्यांना स्मृतिभ्रंश आधीच जडलेला होता अशा ४९४ जणांपैकी काहींना चांगला जोरकस व्यायाम दिला गेला. शरीर सुधारले; बुद्धीचा ऱ्हास थांबला नाही. याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असा नव्हे. घर जळू लागल्यावर विहीर खणू नये, एवढाच आहे. जे काही करावयाचे ते पन्नाशी-साठीत, सर्व ठीक असताना करावे. आणि बाजाराविषयी : अमेरिकेतील ‘ल्युमोसिटी’ या बुद्धीचे खेळ विकणाऱ्या कंपनीने आपल्या खेळांनी वार्धक्यातील विस्मरण टळते असा प्रचार केला, तो पुराव्याने सिद्ध करता न आल्याने २०१६ साली तेथील व्यापार आयोगाशी तडजोड करून तिला २० लाख डॉलर भरावे लागले. व्यापाऱ्यांच्या सभेत व्यापाऱ्यांपासून सावध राहण्यास सांगणे धारिष्ट्याचे आहे. परंतु मालाची पारख आपल्याहून अधिक कोणास असणार?

आता थोडे आपल्या घरात डोकावू.

बुद्धीच्या व्यायामाची जैन परंपरा म्हटली की अवधानविद्येचे नाव निघते. श्रीमद् राजचंद्रांनी १८८७ साली, वयाची विशी ओलांडण्यापूर्वी, मुंबईत शतावधानाचा प्रयोग केला. गांधीजी १८९१ साली विलायतेहून परतले तेव्हा त्यांनीही त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली होती. अलीकडे २०१४ साली मुंबईत मुनिश्री अजितचंद्रसागरजींनी ५०० अवधानांचा प्रयोग केला. हे सारे अभिमानास्पद आहे. परंतु श्रीमदांनी पुढे ते प्रयोग सोडून दिले, हे आपण सांगावयास विसरतो. आत्मसाधनेपुढे त्यांना ते गौण, किंबहुना आड येणारे वाटले. आधुनिक संशोधनही वेगळ्या वाटेने त्याच्या जवळ येते. २०१७ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी सामान्य लोकांना सहा आठवडे रोज अर्धा तास स्थानांच्या साखळीची स्मरणपद्धती शिकविली. ओळखीच्या वाटेवर मनाने चालत जायचे आणि प्रत्येक खुणेपाशी एकेक शब्द ठेवायचा. शब्दांच्या यादीचे त्यांचे स्मरण दुपटीहून अधिक झाले. मात्र ही शक्ती शिकलेल्या कामापुरती असते. ती यादी आठवणारा माणूस किल्ली कोठे ठेवली हे विसरू शकतो. भावयात्रेतील तळेटी, हडो, रामपोळ, वाघणपोळ ही नामावली म्हणजे अशीच स्थानांची साखळी आहे, हे मात्र येथे जाणवल्यावाचून राहत नाही.

अवधान थोड्यांसाठी आहे. सर्वांसाठी जे आहे, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. नवपदाची ओळी घ्या. चैत्रात आणि आश्विनात नऊ दिवस, आयंबिलासह. पहिल्या दिवशी अरिहंतपदाची १२ खमासमणे, मग सिद्धपदाची ८, आचार्यपदाची ३६, उपाध्यायपदाची २५, साधुपदाची २७. या पाचांची बेरीज १०८. पुढे दर्शनाची ६७, ज्ञानाची ५१, चारित्राची ७० आणि तपाची ५०. नऊ दिवसांची एकूण ३४६. प्रत्येक खमासमणात उभे राहावयाचे, दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि मस्तक भूमीस टेकवावयाचे, पुन्हा उभे राहावयाचे; आणि प्रत्येक वेळी त्या पदाचा निराळा गुण उच्चारावयाचा, संख्या चुकू द्यावयाची नाही. शरीराची मेहनत, तोल, मोजणी आणि दर वेळी बदलणारे शब्द. वैद्यकात ज्यास दुहेरी कार्याचा व्यायाम म्हणतात, तो याहून निराळा नाही. स्थानकवासी व तेरापंथी बंधू तिक्खुत्तोच्या पाठाने तीन वेळा आवर्तनासह वंदना करतात, त्यातही हेच तत्त्व लहान प्रमाणात आहे. तेरापंथाचे आचार्य महाप्रज्ञ यांनी १९७५ साली दिलेले प्रेक्षाध्यान अवधानाच्या बाजूने याला पूरक ठरावे.

मात्र एक सावधगिरी. ही क्रिया कर्मनिर्जरेसाठी आहे. आरोग्य हा तिचा हेतू नव्हे. बुद्धी टिकावी म्हणून खमासमण द्यावयाचे, हे उद्दिष्ट उलटे झाले. शेतात धान्यासाठी पेरणी करतात, कडबा ओघाने येतो. कडब्यासाठी कोणी ज्वारी पेरीत नाही. तरीही गोठ्यातील जनावरास कडब्याचे मोल असतेच. दुसरे असे की, आज बहुतेक श्रावक ही खमासमणे अर्ध्यावर वाकून, हात जोडून उरकतात. गुडघेदुखी हे खरे कारण असेल तर त्यात दोष नाही. कंटाळा हे कारण असेल, तर लाभ दोन्ही बाजूंनी बुडतो.

मग यंत्राचे काय करावे? ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्येष्ठांसाठी काही करावे, असा विचार विश्वस्तांच्या मनात असेल, तर लाखोंच्या यंत्रापेक्षा एक साधा प्रयोग सुचविता येतो. सभागृहातील एक भिंत, एक प्रक्षेपक किंवा मोठा दूरदर्शन संच, आणि शत्रुंजयाच्या वाटेचे, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे चित्रण. समोर दहा-बारा ज्येष्ठ, अनवाणी, सतरंजीवर, भिंतीलगत पकडण्यास दांडी. ज्यांचा तोल जातो त्यांच्यासाठी पाठीशी खुर्ची. चित्रातील वाट चालू लागली की जागच्या जागी पाऊल उचलावयाचे. चढ आला की गुडघा थोडा वर. मध्ये वर्णन थांबवून विचारावयाचे : आता कोणता विसावा येणार? मागे डाव्या हाताला काय गेले? प्रत्यक्ष डोंगरावर सुमारे साडेतीन हजार पायऱ्या आहेत. रोज शंभर-दीडशे पावलांनी चढत गेले तरी महिन्याभरात दादांचा दरबार गाठता येतो. पुढच्या महिन्यात वाट बदलावी. दिगंबर बंधूंसाठी मुक्तागिरीची ५२ मंदिरे आहेत, सम्मेदशिखराची वंदना आहे. जे मूर्तिपूजक नाहीत त्यांच्यासाठी साधु-साध्वींच्या विहाराची एखादी वाट, टिपेश्वराच्या जंगलाची वाट. वाट बदलत राहणे महत्त्वाचे. तीच ती वाट पाठ झाली की मन झोपी जाते आणि फक्त पाय चालतात.

यात काही प्रश्न आहेत आणि ते टाळून चालणार नाहीत. सामायिकात वा प्रतिक्रमणात विजेच्या उपकरणास स्थान नाही. तेउकायाची विराधना होते. म्हणून हा उपक्रम धर्मक्रियेच्या वेळेबाहेर आणि उपाश्रयाबाहेर, वेगळ्या सभागृहात असावा. पडद्यावर प्रभूंची प्रतिमा येते तेव्हा पाऊल उचलीत राहणे ही आशातना होईल काय? हाथीपोळीपाशी चालणे थांबवून, हात जोडून उभे राहावे, आणि त्यानंतर चित्रण बंद करावे, हा एक मार्ग दिसतो. तरीही अंतिम निर्णय गावात विराजमान होणाऱ्या गुरुभगवंतांना विचारूनच घ्यावा. आभासी यात्रेचे फळ खऱ्या यात्रेइतके आहे काय, असे कोणी विचारील. भावाचे फळ भावाने ठरते, ते पडद्याने ठरत नाही. आणि ज्याचे पाय चालतात त्याने पालिताण्यासच जावे. पालिताणा दूर वाटत असेल त्याने वणीमार्गे भद्रावतीस स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास तरी जावे.

आणखी एक, जे यंत्राच्या गोष्टीत हरवते. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली, ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील वा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात व्यायामाचा अभाव आहे, मधुमेह आणि रक्तदाब आहे, एकाकीपणा आहे. आणि कमी ऐकू येणे व कमी दिसणे हेही आहे. ज्या आजोबांस व्याख्यान ऐकू येत नाही म्हणून ते मागच्या रांगेत डुलकी काढतात, त्यांच्या कानाची तपासणी ही कोणत्याही यंत्राआधीची पायरी आहे. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याचा जुना समज तर आता सोडलाच पाहिजे. ट्रस्टने शिबिर घ्यावयाचेच झाले तर पहिले कान-डोळ्यांचे घ्यावे, दुसरे साखर-रक्तदाबाचे, आणि पडदा त्यानंतर.

सहभागी होणाऱ्याने आपल्या डॉक्टरांस आधी विचारावे; हृदयविकार, चक्कर, अलीकडील शस्त्रक्रिया असल्यास विशेषच. आयंबिल-उपवासाच्या दिवशी मधुमेही व्यक्तीने पाऊल उचलू नये, नुसते पाहावे. प्रत्येकाच्या नावाने एक वही असावी. तीत किती पावले चालली हे लिहावेच. पण शेवटी एक ओळ त्या व्यक्तीने स्वतःच्या हाताने लिहावी, काल वाटेत काय पाहिले ते. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची ओळ नातवंडाने ऐकून लिहावी. महिन्याभराच्या ओळी मागेपुढे ठेवून वाचल्या तर घरच्यांना आईच्या स्मृतीचा अंदाज कोणत्याही प्रतिक्रमणापेक्षा लवकर येईल, आणि नातवंडास गिरिराजाची वाट आजीच्या तोंडून पाठ होईल.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!